इंग्लंडचा फुटबॉल हंगाम आणि आपला शनिवार

मंडळी, हंगाम म्हटला की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे खरीप येतो, रब्बी येतो. आज मी सांगणार आहे तो हंगाम तिसराच आहे. तो श्रावणाच्या सुमारास सुरू होतो आणि वैशाखात आटोपतो. त्यात पेरणी नाही, कापणी नाही. पण त्याची काळजी वाहणारी माणसे आपल्या मुंबईतसुद्धा आहेत. हा हंगाम म्हणजे इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडच्या फुटबॉलशी आमचा काय संबंध? मलाही असेच वाटत होते. मग मागे एका हिवाळ्यात अँटॉप हिलला बहिणीकडे उतरण्याचा योग आला. अँटॉप हिल म्हणजे मुंबईतला वडाळा आणि शीव यांच्या बाजूचा भाग. केंद्र सरकारच्या नोकरांची तिथे मोठी वसाहत आहे. निरनिराळ्या प्रांतांतून बदली होऊन आलेली कुटुंबे एकाच जिन्यावर नांदतात. मुले खाली उतरली की मराठी, हिंदी, बंगाली अशी खिचडी ऐकू येते.

शनिवारची संध्याकाळ होती. इमारतीच्या कट्ट्यावर सातआठ पोरे तावातावाने बोलत होती. "आम्ही शेवटच्या दहा मिनिटांत ढेपाळलो." "तुमचा बचावच कच्चा!" मला वाटले, वसाहतीतल्या दोन संघांचा सामना झाला असेल. भाच्याला विचारले, तर तो हसून म्हणाला, "मामा, हा लिव्हरपूलवाला आणि तो मँचेस्टरवाला!" त्यातल्या एकानेही मुंबईबाहेर फारसे पाऊल टाकले नव्हते. पण बोलताना सगळे "आम्ही" म्हणत होते. बहीण वरून ओरडली, "अरे, तुमचं तिथं काय अडलंय? जेवायला या!" पण साडेआठला सामना सुरू होणार होता. जेवण राहिले बाजूला.

हे साडेआठचे गणित शिक्षकबंधूंनी वर्गात सांगण्याजोगे आहे. इंग्लंडमधले सामने शनिवारी दुपारी तीनला खेळण्याची जुनी वहिवाट आहे. हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते, म्हणून त्यांचे तीन ते आपले साडेआठ. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते आपली घड्याळे तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्या उन्हाळी दिवसांत तोच सामना आपल्याकडे साडेसातला दिसतो.

आणि तीनच का? याचे उत्तर कापडगिरण्यांत सापडते. इंग्लंडमध्ये १८५० साली कारखान्यांचा कायदा झाला. त्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. पुढे अर्ध्या दिवसाची ही सुटी इतर कामगारांतही पसरली. दोनला भोंगा झाला, घरी जाऊन दोन घास खाल्ले, की तीनला मैदानावर हजर! मजुराच्या हाती हक्काची फुरसत आली, तेव्हा त्या खेळाला प्रेक्षक मिळाला.

मँचेस्टर, लिव्हरपूल ही नावेही आपल्याला अगदीच परकी नाहीत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले आणि तिथला कापूस अडला. तेव्हा आपल्या मुलखातला कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलला धो धो गेला. त्या पैशाने मुंबईचे रूप पालटले. परळ-लालबागच्या गिरण्यांत जी यंत्रे बसली, त्यांतली पुष्कळशी लँकेशायरमधून आलेली होती. म्हणजे कट्ट्यावरची पोरे जी नावे घेऊन भांडत होती, ती नावे त्यांच्या खापरपणजोबांनी कापसाच्या भावात ऐकलेली होती!

आता हा हंगाम चालतो कसा, ते पाहू. स्पर्धा घेण्याच्या दोन रीती आहेत. एक बाद पद्धत. हरला तो घरी गेला. दुसरी साखळी पद्धत. तीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो आणि शेवटी गुणांची बेरीज होते.

सुरुवातीला इंग्लंडमध्येही बाद पद्धतीचा चषक आणि मधूनमधून ठरवलेले मैत्रीचे सामने, एवढेच होते. १८८५ साली खेळाडूंना पगार देण्यास रीतसर परवानगी मिळाली आणि पंचाईत झाली. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण सामन्याचा भरवसा नाही. चषकातून संघ बाद झाला की उत्पन्न बुडाले. ठरलेला प्रतिस्पर्धी आयत्या वेळी आला नाही, तर प्रेक्षक शिव्या देत परत. बर्मिंगहॅम शहरात विल्यम मॅकग्रेगर नावाचा एक कापडदुकानदार होता. तो अ‍ॅस्टन व्हिला या संघाच्या कारभारात होता. त्याने मार्च १८८८ मध्ये काही संघांना पत्रे धाडली. त्यांचा मतलब असा, की आपण काहीजण मिळून आधीच वेळापत्रक ठरवू आणि ते पाळू. त्यातून बारा संघांची फुटबॉल लीग उभी राहिली. ८ सप्टेंबर १८८८ ला पहिले सामने झाले. बारापैकी सहा संघ लँकेशायरचे होते आणि सहा इंग्लंडच्या मधल्या प्रदेशातले. पहिल्या हंगामात प्रेस्टन हा संघ बावीस सामन्यांत एकदाही हरला नाही.

१९९२ साली वरच्या श्रेणीची प्रीमियर लीग वेगळी झाली. १९९५ पासून तीत वीस संघ खेळतात. प्रत्येक संघ इतर एकोणीस संघांशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. म्हणून प्रत्येकाचे अडतीस सामने आणि एकूण तीनशे ऐंशी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. पूर्वी विजयाला दोनच गुण होते. तेव्हा दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय, असा हिशेब असल्याने संघ जपून खेळत. १९८१ साली तीन गुण झाले आणि जिंकण्याची हाव धरणे परवडू लागले.

गुण सारखे झाले तर? १९७६ पर्यंत, केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. एका संघाने वीस गोल केले आणि दहा खाल्ले, तर भागाकार दोन. दुसऱ्याने चाळीस केले आणि बावीस खाल्ले, तर भागाकार दोनाहून कमी. म्हणजे चाळीस गोल करणारा मागे! मग त्यांनी भागाकार सोडून वजाबाकी धरली. आता पहिल्याची बाकी दहा, दुसऱ्याची अठरा. दुसरा पुढे. गणिताची रीत बदलली तशी खेळाची चालही बदलली, हे मुलांना जरूर दाखवा.

या वजाबाकीने एकदा मोठी करामत केली. १३ मे २०१२, रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस. मँचेस्टरचेच दोन संघ, सिटी आणि युनायटेड, गुणांत बरोबरीने उभे. युनायटेडने आपला सामना १–० असा जिंकला. सिटी मात्र क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध नव्वद मिनिटे संपली तरी १–२ ने मागे. वाया गेलेल्या वेळेची जी चार-पाच मिनिटे पंच वाढवून देतात, तीत सिटीने दोन गोल केले. शेवटचा आग्वेरोचा. दोघांचेही ८९ गुण झाले. सिटीची बाकी ६४, युनायटेडची ५६. विजेतेपद सिटीकडे गेले. त्याच दिवशी बोल्टन हा संघ एका गुणाने खालच्या श्रेणीत ढकलला गेला. बोल्टन म्हणजे १८८८ च्या मूळ बारांतला एक.

इथेच या हंगामाचे मर्म आहे. दर वर्षी तळाचे तीन संघ खाली उतरतात आणि खालचे तीन वर चढतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात सतराव्या आणि अठराव्या जागेसाठी जी झटापट चालते, ती कधी कधी पहिल्या जागेहूनही जीवघेणी असते. उलट बाजूही पाहा. लेस्टर सिटी हा संघ २००९ साली तिसऱ्या श्रेणीत होता. एप्रिल २०१५ मध्ये तो प्रीमियर लीगच्या अगदी तळाशी होता. तिथून तो सावरला आणि पुढच्याच हंगामात, २०१५-१६ मध्ये, ८१ गुण घेऊन विजेता ठरला. त्याचा गोल करणारा व्हार्डी पूर्वी छोट्या संघांतून खेळत होता आणि पोटासाठी कारखान्यात काम करत होता. २०२३ साली तोच लेस्टर पुन्हा खाली उतरला. शिडी दोन्ही बाजूंनी उघडी आहे.

मुंबईलाही फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स चषकाची स्पर्धा इथे १८९१ साली सुरू झाली. प्रारंभी गोऱ्या पलटणींचे संघ जिंकत. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो चषक जिंकला. हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे तो ओळीने नेला. कट्ट्यावर एक निवृत्त गृहस्थ बसत. कूपरेजच्या मैदानावरचे ते सामने त्यांनी पाहिलेले. ते पोरांना म्हणत, "तुम्ही पडद्यावर बघता, आम्ही धूळ खाऊन बघितलं." २००१ नंतर ती स्पर्धा झाली नाही. पुढे २०१४ साली मुंबई सिटी हा संघ निघाला. २०१९ मध्ये त्याचा मोठा हिस्सा मँचेस्टर सिटीच्याच मालकांनी घेतला. म्हणजे कापूस जायचा त्या वाटेने तेव्हा फुटबॉलचा पैसा उलटा आला!

आता मुख्य गोष्ट. त्या घोळक्यात एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा होता. तो फारसा बोलत नव्हता. मी विचारले, "बाळ, तू कोणत्या संघाचा?" तो म्हणाला, "आमच्या शाळेचा." त्यांच्या शाळेच्या संघाने तीन महिने सराव केला होता. स्पर्धेच्या दिवशी पहाटे पाचला उठून गेले. पहिला सामना १–० ने हरले आणि दहा वाजता घरी परत. वर्षाचा खेळ संपला. मग तो म्हणाला, "काका, यांना हरल्यावर पुढच्या शनिवारी पुन्हा खेळायला मिळतं. आम्हाला का नाही?"

मंडळी, मला उत्तर सुचले नाही. लेस्टरला अडतीस सामने मिळाले, म्हणून ते एका हंगामात बुडता बुडता तरले. त्या मुलाला मिळाला एक. बाद पद्धतीत दर सामन्याला एक संघ घरी जातो. चौसष्ट शाळा असल्या तर त्रेसष्ट सामन्यांत सगळे आटोपते आणि बत्तीस शाळा पहिल्याच फेरीत परततात. ज्यांना सरावाची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच सर्वांत कमी खेळ मिळतो. वेळ आणि पैसा वाचतो, हे खरे. जिल्ह्याच्या स्पर्धेला दुसरा इलाजही नसेल. पण आपल्या पंचक्रोशीत तरी आपले हात कोणी बांधलेले नाहीत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, जवळपासच्या सहा शाळा घ्या. प्रत्येकीने इतर पाचजणींशी एकेकदा खेळायचे म्हणजे एकूण पंधरा सामने होतात. एका शनिवारी तीन धरले तर पाच शनिवार पुरतात. शनिवारी आपल्याकडे बहुतेक शाळा सकाळच्या असतात. लँकेशायरच्या मजुराला कायद्याने मिळाली तशी मोकळी दुपार आपल्या मुलांना आधीच मिळालेली आहे.

वेळापत्रकाची युक्ती सोपी आहे. वर एक, दोन, तीन असे आकडे लिहा. त्यांच्याखाली सहा, पाच, चार. समोरासमोरच्या जोड्या पहिल्या शनिवारी खेळतील: एक-सहा, दोन-पाच, तीन-चार. पुढच्या शनिवारी एकचा आकडा जागीच ठेवा आणि उरलेले पाच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर सरकवा. सहा वर जाईल, तीन खाली येईल. नव्या जोड्या होतील: एक-पाच, सहा-चार, दोन-तीन. असे पाचदा केले की कोणतीही जोडी दोनदा येत नाही आणि कोणतीही चुकत नाही. खडूने फळ्यावर करून पाहा. फुटबॉल नसेल तर कबड्डी घ्या, खो-खो घ्या. शाळेच्या भिंतीवर गुणांचे कोष्टक लावा आणि ते मुलांकडूनच भरून घ्या. बेरीज-वजाबाकी आपोआप पक्की होईल.

जाता जाता एक सांगतो. त्या रात्री अँटॉप हिलच्या खोलीत आम्ही तीनचा सामना पाहिला. पण इंग्लंडमध्ये मात्र शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात दूरचित्रवाणीवर थेट सामना दाखवायचा नाही, असा दंडक १९६० च्या दशकापासून पाळला गेला. मोठ्यांचा खेळ घरबसल्या दिसला, तर लहान गावाच्या मैदानाकडे कोण फिरकणार, ही त्यामागची धास्ती. ज्यांचा खेळ आपण डोळे फाडून पाहतो, त्यांनी आपल्या गावचे मैदान ओस पडू नये म्हणून एवढी काळजी घेतली. आपणही घेऊ या. शनिवार तर दर आठवड्याला येतोच आहे.