सरकारची खरेदी आणि आपले शिवार



शेतमालाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण, असे विचारले तर आपण एखाद्या बड्या अडत्याचे नाव घेऊ. पण अडत्याहून कितीतरी मोठे गिऱ्हाईक सरकार आहे. रेशनचे धान्य, शाळेतील दुपारचे जेवण, अंगणवाडीचा खाऊ, सरकारी दवाखान्यातील रुग्णांचे अन्न, वसतिगृहे, तुरुंग, सैन्य या सर्वांसाठी सरकार रोज खरेदी करीत असते. पैसा जनतेच्या करातला असतो. म्हणून हे गिऱ्हाईक काय घेते, कोणाकडून घेते आणि कोणत्या अटींवर घेते, हे आपणही समजून घेतले पाहिजे. शिवारात काय पिकेल आणि मुलांच्या ताटात काय पडेल, हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते.

गिऱ्हाईक पीक ठरवते

१९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. धान्यटंचाईचे ते दिवस होते. परदेशी गहू जहाजांतून येई, तेव्हा रेशन चाले. सरकारने गहू व तांदूळ ठरलेल्या भावाने उचलण्यास सुरुवात केली आणि शेतकऱ्याला भरवसा आला. देशाची उपासमार टाळण्यात या खरेदीचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण त्याची दुसरी बाजूही पाहा. पंजाबी माणूस रोटी खाणारा. तेथे १९६०-६१ साली भाताखाली सव्वादोन लाख हेक्टरांच्या आसपास जमीन होती. आज ती तीस लाख हेक्टरांच्या वर गेली आहे. भात सरकार हमखास उचलते, म्हणून तो लावला गेला. पाणी मात्र जमिनीखालचे. आज पंजाबच्या बहुतेक भागांत दरवर्षी जेवढे पाणी मुरते, त्याहून जास्त उपसले जाते.

केंद्र सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करते. पण भाव जाहीर होणे वेगळे आणि त्या भावाने माल उचलला जाणे वेगळे. मोठी खरेदी गहू आणि भाताचीच होते. जोंधळा, नाचणी, बाजरी ही कमी पाण्यावर येणारी आपली पिके मागे पडली, त्याचे हे एक मोठे कारण आहे. यात आरोग्याचेही नुकसान आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास असते.

स्वस्त म्हणजे काय?

सरकारी खरेदीत साधारणपणे टेंडर निघते आणि अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम मिळते. लाचलुचपत रोखण्यासाठी हा नियम चांगला आहे. पण टेंडर भले मोठे असते, अनामत रक्कम भारी असते आणि मागच्या वर्षांची उलाढाल दाखवावी लागते. पाच एकरांचा शेतकरी किंवा बायकांचा बचत गट दारातच अडतो.

समजा, दूरच्या व्यापाऱ्याने डाळ किलोमागे दोन रुपये स्वस्त दिली. कागदावर ते दोन रुपये वाचले. पण गावची डाळ गावात पडून राहिली, शेतकऱ्याने कर्ज काढले, तरुण पोरगा शहराकडे गेला, ट्रकने दूरच्या वाटेवर डिझेल जाळले. या खर्चाची नोंद टेंडरच्या कागदावर कोठेच होत नाही, पण तो समाजाला भरावाच लागतो. दर पाहावाच, पण दराबरोबर हेही पाहावे.

ब्राझीलने काय केले

ब्राझीलमध्ये शाळेत जेवण देण्याची योजना १९५५ पासून आहे. सुमारे चार कोटी मुले तेथे जेवतात. २००९ साली त्या देशाने कायदा केला की, या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशापैकी निदान ३० टक्के रक्कम कुटुंबाच्या श्रमावर शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यांचा माल घेण्यासाठी खर्च करावी. २०२५ च्या नव्या कायद्याने हा वाटा २०२६ पासून ४५ टक्के केला आहे.

त्यातल्या तीन गोष्टी आपण ध्यानात घ्याव्यात. पहिली, या खरेदीला नेहमीच्या टेंडरची सक्ती नाही. स्थानिक बाजाराशी जुळणारा भाव आधीच जाहीर होतो आणि शेतकरी किंवा त्यांची सहकारी संस्था माल देण्याची तयारी कळवते. दुसरी, जवळच्या शेतकऱ्यांना, आदिवासींना आणि जमीनवाटपात जमीन मिळालेल्या कुटुंबांना अग्रक्रम आहे. तिसरी, रासायनिक खत व औषधाविना पिकवलेल्या मालाला जास्त भाव देण्याची मुभा आहे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. वाहतूक, कागदपत्रे आणि हंगामाप्रमाणे कमीजास्त होणारा माल यांमुळे अनेक नगरपालिकांना ३० टक्केही गाठता आले नाहीत. कायदा दार उघडतो. आत जाण्यासाठी शेतकऱ्यांची संघटना लागते.

आपल्या देशातही वाट आहे

ओडिशा सरकारने २०१७ साली सात जिल्ह्यांत भरडधान्याचे अभियान सुरू केले. बियाणे दिले, पण तेथेच थांबले नाही. आदिवासी सहकारी महामंडळामार्फत नाचणी हमीभावाने विकत घेतली, ती रेशनवर दिली आणि काही जिल्ह्यांच्या अंगणवाड्यांत मुलांना नाचणीचे लाडू मिळू लागले. पिकवणे, विकत घेणे आणि खाणे ही साखळी जुळली, म्हणून शेतकरी पुन्हा नाचणीकडे वळला.

नाचणीचा हमीभाव २०१७-१८ मध्ये क्विंटलला १,९०० रुपये होता. २०२५-२६ साठी तो ४,८८६ रुपये ठरला. कर्नाटकातही सरकार नाचणी आणि जोंधळा हमीभावाने घेऊन रेशनवर देते. बेळगाव भागातील वाचकांना ही गोष्ट विशेष उपयोगाची आहे.

आपण काय करावे

१. पेरणी झाली की पिकाची सरकारी नोंद बरोबर झाली आहे का, हे पाहावे. उताऱ्यावर ऊस आणि शेतात जोंधळा असे असेल, तर खरेदी केंद्रावर माल परत येतो. कर्नाटकात शेतकऱ्याचा फ्रूट्स क्रमांकही लागतो.

२. धान्य चांगले वाळवून, पाखडून न्यावे. ओलावा आणि खडा यांवरूनच बहुतेक माल नाकारला जातो.

३. एकेकट्याने न जाता दहा-वीस घरांनी मिळून माल न्यावा. गाडीभाडे वाटले जाते आणि वजनकाट्यावर चार डोळे जास्त असतात.

४. पापड, पीठ, मसाला करणाऱ्या बचत गटांनी उद्यम नोंदणी करावी. ती फुकट आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार आता एकूण वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के लहान उद्योगांकडून आणि त्यातील ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून करावयाची असते. त्यांना अनामत रकमेचीही सूट आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. बिलाची पोच मात्र जपून ठेवावी.

५. ग्रामसभेत ठराव मांडावा की, शाळेच्या जेवणात आठवड्यातून निदान एकदा आपल्या भागातील धान्य असावे. कंत्राट कोणाला आणि कोणत्या दराने दिले, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते.

शेवटी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. काही व्यापारी शेतकऱ्याचा उतारा मागून घेतात आणि त्याच्या नावावर बाहेरचे स्वस्त धान्य खरेदी केंद्रावर घालतात. पोत्यामागे चार पैसे हातावर ठेवतात. तेवढ्यासाठी आपले नाव देऊ नये. केंद्राची मर्यादा त्या धान्याने भरते आणि खरा शेतकरी खरा माल घेऊन आला की त्याला परत पाठवतात. तो आपला शेजारीच असतो.