जड फाइल आधी, बजेट नंतर

सकाळी ९.३०
दुकान उघडण्याआधी दादरच्या एका आर्किटेक्ट मॅडमचं ऑफिस. मशीन सुचवण्याआधी मी काम बघतो. रेव्हिटमध्ये इमारतीची मोठी फाइल उघडताच मशीन अडतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा एकूण वापर किरकोळ, पण कोअरनिहाय आलेख लावला की एकच कोअर माथ्याला टेकलेला. इथे कोअर वाढवून उपयोग नाही, एका कोअरचा वेग हवा. रॅम ३२ जीबी. लेझर स्कॅनचे पॉइंट क्लाउड येणार असतील तर ६४.

सकाळी १०.३०
शेजारच्या टेबलावर थ्रीडीएस मॅक्स आणि कोरोना रेंडरर. रेंडर सुरू झालं की झाडून सगळे कोअर शंभर टक्के. कोरोना सीपीयूवरच चालतं, म्हणून १६ कोअरच्या रायझन ७९५०एक्सचे पैसे इथे वसूल होतात. तिसऱ्या टेबलावर लुमियनचा वॉकथ्रू. त्याचा भार ग्राफिक्स कार्डावर. आरटीएक्स ४०६० हे ३०६०पेक्षा नवं आणि वेगवान, पण मेमरी ८ जीबी. जुन्या ३०६०ला १२ जीबीची मिळते. यांच्या सीनमध्ये झाडं, गवत, ४के टेक्स्चर खच्चून भरलेली. ८ जीबीत ती मावत नाहीत. मी १२चं लिहितो.

दुपारी १
लॅमिंग्टन रोडवरचं माझं कॉम्प्युटरचं दुकान. कोटेशन करतोय, तोच मॅडमचा फोन. “दादा, तिन्ही टेबलांना सारखंच भारी कार्ड टाकूया ना?”
“नको मॅडम. रेव्हिटच्या टेबलावर ते नुसतं बसून राहील. ते पैसे यूपीएसला ठेवा.”
रेंडरच्या मशीनचा प्रोसेसर एकटाच २३० वॉटपर्यंत ओढतो. वर कार्ड आणि मॉनिटर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा, म्हणजे अगदी काठावर. १ केव्हीए धरला.

दुपारी ३
रेंडरचं मशीन जोडायला घेतो. रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरच्या बाजूने दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतो. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म नखाने सोलून काढतो. ती राहिली तर उष्णता कूलरपर्यंत नीट पोचतच नाही. मग वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, आणि स्क्रू तिरपे, आलटून पालटून आवळायचे.

संध्याकाळी ५
चाचणी. दुकानातला एसी मुद्दाम बंद करतो. मोठी रेंडर रात्रीच लावली जातात, तेव्हा ऑफिसातला एसी बंद असतो. सिनेबेंच अर्धा तास सलग चालवतो. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालेल असाच बनवलाय, पण तिथे पोचल्यावर वेग किती टिकतो ते बघायचं. पुढचे दोन पंखे हवा आत घेतायत, मागचा बाहेर फेकतोय. शेवटच्या फेरीतही गुण फारसे घसरले नाहीत. पास.

रात्री ८
तिन्ही मशीनची बिलं वेगवेगळी, प्रत्येकावर पार्टचे सीरियल नंबर; वॉरंटीच्या वेळी तेच लागतात. उद्या ठाण्याचं एक ऑफिस आहे. त्यांना कळवलंय: बजेट नंतर सांगा, तुमची सगळ्यात जड फाइल तेवढी तयार ठेवा.