क्रिएटिनिन वाढलं म्हणजे डायलिसिसच?

रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की घरात पहिला शब्द निघतो तो डायलिसिस. ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. क्रिएटिनिन हा स्नायूंत रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. डायलिसिसचा निर्णय एकट्या आकड्यावर होत नाही. धाप, सूज, उलट्या, रक्तातलं पोटॅशियम हे सगळं पाहून डॉक्टर ठरवतात. जुलाबांमुळे किंवा उन्हातान्हात शरीरातलं पाणी कमी होऊन अचानक चढलेलं क्रिएटिनिन वेळेवर उपचार मिळाले तर अनेकदा खालीही येतं.

मला जास्त काळजी वाटते ती ‘नॉर्मल आहे’ म्हणून निश्चिंत होणाऱ्यांची. मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत हा आकडा मर्यादेतच राहू शकतो. शिवाय तो स्नायूंवर अवलंबून असतो. पंचविशीतल्या तरुणाचं क्रिएटिनिन १.१ असेल, तर गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, साधारण ९५ येतो. सत्तर वर्षांच्या आजींचंही १.१ असेल, तर तो भरतो जेमतेम ५४! साठच्या खालचा वेग तीन महिने टिकला तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार मानतात. आजींना दुखत-खुपत काहीच नसतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘भरपूर पाणी प्या, धुऊन निघेल’ हाही सल्ला सरसकट देऊ नये. आजार पुढे गेलेला असेल तर जास्तीचं पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठतं, आणि शहाळ्यातलं पोटॅशियम हृदयाला घातक ठरू शकतं. ‘किडनी साफ करणाऱ्या’ काढ्यांनी आणि भस्मांनी मूत्रपिंडं आणखी बिघडल्याची उदाहरणं आहेत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही तेच करतात.

उलट, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं आणि लोक घाबरून ती सोडतात. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते, कारण हीच गोळी पुढे मूत्रपिंड जपते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी मागून घ्या. क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, आणि उपचारांचा सर्वांत जास्त उपयोग त्याच टप्प्यावर होतो.