स्थानिक धान्याची व्हिस्की

आसवनीने, म्हणजेच डिस्टिलरीने, आपल्याच परिसरातील शेतांत पिकलेल्या धान्यापासून गाळलेल्या व्हिस्कीला स्थानिक धान्याची व्हिस्की म्हणता येते. माल्ट व्हिस्कीसाठी जव (सातू) हे धान्य लागते. त्याला मोड आणून ते वाळवतात. मोड येताना तयार झालेल्या विकरांमुळे पुढे पिष्टाची साखर होते आणि ती आंबवून मद्यार्क मिळवतात. धान्यात प्रथिने जास्त असल्यास मद्यार्काचा उतारा घटतो.

बाटलीवर गावाचे नाव असले तरी जव त्या गावचा असतोच असे नाही. २००९ च्या नियमांनुसार स्कॉच व्हिस्की स्कॉटलंडमध्येच गाळून ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे तेथेच मुरवावी लागते. धान्य मात्र कोठलेही चालते.

स्कॉटलंडच्या आयला बेटावरील ब्रुकलॅडी ही आसवनी २००१ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि काही वर्षांतच बेटावरच्या शेतकऱ्यांकडून जव घेऊ लागली. खारे वारे, पाऊस आणि हिवाळ्यात उतरणारे रानहंसांचे थवे यांमुळे तेथे ही शेती जोखमीची आहे. खात्रीचा खरेदीदार असल्याशिवाय ती सहसा कोणी करणार नाही.

ब्रुकलॅडीच्या चालकांपैकी मार्क रेनियर यांनी पुढे आयर्लंडमधील वॉटरफर्ड येथे, गिनीजच्या जुन्या बिअर कारखान्यात, २०१५ मध्ये नवी आसवनी सुरू केली. तेथे प्रत्येक शेताचा जव वेगळा साठवून वेगळाच गाळला जाई. जमीन व हवामान यांचा परिणाम चवीत उतरतो का, हा खरा प्रश्न होता. जवाचे दोन वाण दोन ठिकाणी पिकवून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या मद्याच्या गंधात ठिकाणानुसार फरक आढळला. अभ्यास न मुरवलेल्या मद्याचा होता आणि मुरलेल्या व्हिस्कीच्या चवीत पिंपाचा वाटा मोठा असतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. प्रयोग मोलाचा, पण खर्चिक होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये या आसवनीवर रिसीव्हर नेमले गेले.

भारतात ‘स्थानिक’ या शब्दाची व्याप्ती बरीच मोठी धरावी लागते. बंगळूरची अमृत आणि गोव्यात गाळली जाणारी पॉल जॉन या व्हिस्क्यांसाठी भारतीय जव वापरतात, परंतु तो येतो उत्तर भारतातून. कणसावर दाण्यांच्या सहा ओळी असणाऱ्या या जवात प्रथिने अधिक आणि पिष्ट कमी असते. त्यामुळे तेवढ्याच धान्यातून युरोपीय दोन ओळींच्या जवापेक्षा मद्यार्क कमी निघतो.