आफ्रिकन महोगनी : सालीत औषध किती, गवगवा किती ?



मागच्या महिन्यात गट ऑफिसात आपले एक सभासद आले. वय साठीच्या पुढे. हातात एक चुरगळलेले छापील पत्रक आणि रुमालात बांधलेला झाडाच्या सालीचा तुकडा. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका रोपे विकणाऱ्याकडून त्यांनी बांधावर लावायला ‘आफ्रिकन महोगनी’ घेतली होती. लाकडाचे पैसे होतील तेव्हा होतील, तोवर साल उकळून प्या. हिवताप, जंत, साखर सगळे पळेल, असे पत्रकात लिहिलेले. काकांनी तीन आठवडे काढा घेतला होता आणि डॉक्टरांनी दिलेल्या साखरेच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. म्हणाले, “साहेब, एवढं कडूजहर आहे म्हणजे औषध असणारच की!”

त्यांना आधी गोळ्या सुरू करायला सांगितले आणि दवाखान्यात पाठवले. पण त्यांचे वाक्य डोक्यातून जाईना. कडू म्हणजे औषध, हे आपणही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून या झाडाविषयी जे ठाऊक आहे ते इथे मांडतो.

या झाडाचे शास्त्रीय नाव खाया सेनेगलेन्सिस. गाव त्याचे पश्चिम आफ्रिका : सेनेगलपासून पूर्वेला सुदान, युगांडापर्यंतचा माळरानी पट्टा. ‘खाया’ हे नाव सेनेगलच्या वोलोफ भाषेतून आले. नायजेरियातले हौसा लोक त्याला ‘मदाची’ म्हणतात आणि त्या नावात त्यांचा ‘कडू’ हाच शब्द दडला आहे. तिकडे तापाला, पोटदुखीला, जंतांना, जखमा धुवायला या सालीचा काढा पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. गुरांनाही पाजतात. फ्रेंच लोक सेनेगलात आले तेव्हा त्यांनी या सालीला ‘सेनेगलचा सिंकोना’ म्हटले, कारण तापावर कडू साल म्हटली की त्यांना सिंकोना आठवे.

पण कडू चव सारखी म्हणून आतला माल सारखा नसतो. सिंकोनाच्या सालीत क्विनाईन असते, म्हणजे आपल्या आजोबांच्या वेळचे कोयनेल. क्विनाईनच्या रेणूत नत्र असते. खायाच्या कडू द्रव्यांत नत्राचा पत्ताच नाही. फक्त कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू. ही द्रव्ये वेगळ्याच घराण्यातली. त्यांना लिमोनॉइड म्हणतात, आणि हे घराणे आपल्याला चांगले ओळखीचे आहे बरे का. मोसंबीचा रस काढून तासभर ठेवला की कडवट होतो, हा अनुभव घरोघरी आहे. मोसंबीत जे द्रव्य आधी कडू नसते, तेच रस काढल्यावर त्यातल्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिनमध्ये बदलते. लिमोनिन या घराण्यातले पहिले ओळखले गेलेले, म्हणून घराण्याला त्याचे नाव पडले. कडुनिंबाचा कडूपणाही त्यातलाच. कडुनिंब, बकाण, तून आणि महोगनी ही सगळी झाडे एकाच निंबकुळातली भावंडे आहेत.

लिमोनॉइड कसे बनते? झाड आधी तीस कार्बनांचा एक रेणू तयार करते. त्याला चार कड्या आणि एक शेपटी असते. शेपटीचे चार कार्बन झाड छाटून टाकते, उरलेल्या शेपटीची छोटी कडी वळवते आणि सव्वीस कार्बनांचा सांगाडा राहतो. इथून पुढे भावंडांच्या वाटा फुटतात. कडुनिंब तिसरी कडी तोडून उघडतो. त्यातून निंबिन आणि कीटकांना खाण्यापासून परावृत्त करणारे अझाडिरॅक्टिन तयार होते. महोगनीची झाडे बहुतेक दुसरी कडी तोडतात आणि तिची टोके निराळ्या ठिकाणी जोडतात. म्हणून ‘निंबकुळातले आहे, तेव्हा पाल्याची फवारणी कडुनिंबासारखीच चालेल’ असे कोणी सांगितले तर मान डोलवू नका. सांगाडा एक, पण बांधकाम वेगळे.

या रसायनाचा बराचसा उलगडा आफ्रिकेतच झाला, हे मला विशेष वाटते. नायजेरियातील इबादानच्या विद्यापीठात 1960 च्या सुमारास बेव्हन आणि टेलर या रसायनशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह पश्चिम आफ्रिकेतील इमारती लाकडांचा कसून अभ्यास केला. गेडुनिन, खिवोरिन या द्रव्यांच्या रचना त्या कामातून पुढे आल्या.

त्यातले गेडुनिन हिवतापाच्या दृष्टीने महत्त्वाचे. ते खायाच्या काही जातींत सापडते आणि कडुनिंबातही. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात वाढवलेल्या हिवतापाच्या जंतूंना ते मारते. म्हणजे आफ्रिकेतल्या म्हाताऱ्यांचे म्हणणे हवेतले नव्हते. पण खरी गोम पुढे आहे. हिवताप झालेल्या उंदरांना नुसते गेडुनिन दिले तेव्हा परिणाम तुटपुंजा दिसला. अशा परक्या द्रव्याचे तुकडे पाडून त्याला बाहेर काढणे हे यकृताचे रोजचे काम, आणि तेच इथे आड येत असावे असे संशोधकांना वाटले. मग यकृताच्या त्या यंत्रणेला आवर घालणारे डिलापिओल त्यांनी जोडीला दिले, तर गुण वाढला. (हेच डिलापिओल आपल्या बाळंतशेपांच्या तेलातही असते. म्हणून लगेच शेपू घालून काढा करायचा नाही! यकृताला आवर घातला की डॉक्टरांच्या इतर गोळ्यांचेही गणित बिघडू शकते.)

जंतांचेही तसेच. 2004 साली इबादानच्या संशोधकांनी खायाच्या सालीचा मद्यार्कात काढलेला अर्क मेंढ्यांना दिला, तेव्हा लेंड्यांतली जंतांची अंडी घटली. पण तो वजनावर मोजून दिलेला अर्क होता. चुलीवर उकळलेल्या पातेल्यात किती द्रव्य उतरले हे कोण सांगणार? सालीत टॅनिनही भरपूर असते, त्यामुळे तिला तुरटपणा येतो. दुसरी बाजूही पाहा : सालीचा अर्क सतत दिलेल्या उंदरांच्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर ताण आल्याचे नायजेरियातल्याच अभ्यासांत दिसले आहे.

झाडाचेही हाल आहेतच. बेनिनमध्ये फुलानी गुराखी उन्हाळ्यात चाऱ्यासाठी खायाचा पाला छाटतात, औषधवाले साल सोलतात. दोन्हींचा मारा झाला की झाडाला फळ कमी धरते, असे तिथल्या अभ्यासात आढळले. लाकडाची तोड वेगळीच. शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये पनामाच्या परिषदेत खायाच्या आफ्रिकेतील जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत घेतल्या गेल्या. साल सोलायची म्हणजे पानांत तयार झालेले अन्न मुळांना पोचवणारी वाट कापायची, हे आपल्याला सांगायला नको. खोडाला पूर्ण कडे पाडले तर झाड गेलेच.

आता ओळख. खायाचे फळ गोल, लिंबाएवढे किंवा थोडे मोठे, लाकडासारखे टणक. पिकल्यावर चार पाकळ्यांत उकलते. बी चपटे, त्याच्या कडेने चहूबाजूंनी पातळ पंख. अमेरिकन महोगनीचे फळ मोठे, उभट, पाच पाकळ्यांत उकलणारे आणि बियाला एकाच बाजूने लांब पंख. दोन्ही झाडांचा शेंडा पोखरणारी अळी मात्र असते, आणि शेंडा गेला की सरळ खोडाचे स्वप्नही गेले. रोपे घेताना हे कोणी सांगत नाही.

काका पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, या वेळी फळ घेऊन. टेबलावर ठेवून मोजले : पाच पाकळ्या, बियाला एका बाजूचा पंख. म्हणजे इतके दिवस प्यालेला काढा आफ्रिकन महोगनीचा नव्हताच, अमेरिकनचा होता! पत्रकातले गुण एका झाडाचे आणि पातेल्यात साल दुसऱ्याची. या अमेरिकन महोगनीच्या बिया आग्नेय आशियात साखरेवर म्हणून खातात, आणि त्यातून यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदीही झालेल्या आहेत, हे त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

त्यांच्या गोळ्या आता नियमित चालू आहेत. झाडे त्यांनी ठेवली आहेत. सावली चांगली पडते म्हणतात. बांधाकडच्या चार सऱ्यांत उसाला फुटवा मात्र कमी आहे.