लेकीकडे यॉर्कशायरला जाताना



आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्यांबरोबर पासपोर्टचाही विषय निघतो. कुणाची लेक, कुणाची सून इंग्लंडात असते आणि बाळंतपणासाठी इथून आईला बोलावणं येतं. आई जाण्याआधी दहा-वीस वाक्यं इंग्रजी शिकते. पण लीड्स, ब्रॅडफर्ड किंवा शेफील्डला पोचल्यावर कानावर पडतं ते वेगळंच. हा सगळा भाग यॉर्कशायरचा. तिथल्या बोलीची आज ओळख करून घेऊ.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. ते अशुद्ध इंग्रजी नव्हे. आपल्याकडे अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी आहे, तशीच ती त्या मातीतली बोली आहे. इ. स. ८६६ मध्ये व्हायकिंग लोकांनी यॉर्क शहर जिंकलं. त्यांचे शब्द तिथं अजून नांदतात. यॉर्कच्या जुन्या रस्त्यांच्या नावात शेवटी ‘गेट’ येतं. त्याचा अर्थ फाटक नाही, रस्ता असा आहे.

आता उच्चार. ‘बस’ला तिथं ‘बुस’ म्हणतात, ‘कप’ला ‘कुप’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ बरेच जण गाळतात, म्हणून हॉस्पिटलचं ‘ऑस्पिटल’ होतं. हे दोन नियम लक्षात ठेवले तरी पुष्कळ बोलणं उलगडतं.

कुणी ‘एय अप’ किंवा ‘नाऊ देन’ म्हटलं, तर तो नमस्कार समजावा. ‘ऑल राइट?’ हाही नमस्कारच. तिथं गुडघेदुखी सांगत बसायचं नसतं. ‘ऑल राइट’ एवढंच उत्तर पुरतं. दुकानदार किंवा बसचा ड्रायव्हर ‘लुव’ म्हणाला, तर रागावू नका. शब्द प्रेमाचा असला तरी तिथं तो आपल्या ‘ताई’, ‘मावशी’सारखा सहज वापरतात. ‘टा’ म्हणजे आभार. ‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘आउट’ म्हणजे काहीही आणि ‘सुमट’ म्हणजे काहीतरी. दुकानातून ‘आउट’ आणू का, असं शेजारीण विचारते, तेव्हा ती काही हवंय का विचारत असते, बाहेर जा म्हणत नसते.

जेवणाच्या शब्दांत फसगत होते. तिथं बऱ्याच घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’. शेजारणीनं ‘टी’ला बोलावलं, तर घरून पोटभर जेवून जाऊ नका.

वेळेच्या बाबतीत मात्र फार जपायला हवं. पुस्तकात ‘व्हाइल’चा अर्थ ‘त्या दरम्यान’ असा शिकवतात. यॉर्कशायरमध्ये त्याचा अर्थ ‘पर्यंत’ असाही होतो. ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. डॉक्टर ‘व्हाइल मंडे’ भेटणार नाहीत, म्हणजे सोमवारपर्यंत भेटणार नाहीत. आणि ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे. हे तर साऱ्या इंग्लंडात चालतं.

दवाखान्यात ‘पुअर्ली’ हा शब्द ऐकू येईल. त्याचा अर्थ आजारी. बाळ ‘पुअर्ली’ आहे का, असं नर्सनं विचारलं आणि आपण नुसती मान हलवली, तर भलताच घोटाळा होईल. म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे, की औषध, तारीख आणि वेळ या तीन गोष्टींत कळल्याशिवाय ‘येस’ म्हणू नका. ‘से इट अगेन, प्लीज’ म्हणा. वेळ आणि औषधाचं प्रमाण कागदावर लिहून मागा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, दुभाषा मागता येतो. त्यासाठी ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ एवढं वाक्य पाठ करा. जिवावरचा प्रसंग असेल, तर ९९९ हा नंबर फिरवायचा, हेही ध्यानात ठेवा.

पुन्हा विचारण्यात कमीपणा कसला? मुंबईची पाहुणी आपल्या गावात आली, की तिलाही आपलं बोलणं दोनदा विचारावंच लागतं, आणि आपण हसून सांगतो. तिथल्या बायकाही तशाच सांगतात. तुमच्या गटातली कुणी निघाली असेल, तर हे शब्द तिला वहीत उतरवून द्या.