यंत्राची अन्नशुद्धि

जसें अन्न तसें मन, ही म्हण आपल्या घरांतून लहानपणापासून कानांवर पडत असते. ती यंत्रांसही लागू पडते, हें मात्र साठी उलटल्यावर माझ्या ध्यानांत आलें. यंत्राचें अन्न म्हणजे वीज. तें अशुद्ध असलें कीं यंत्राची वाणी बिघडते, दृष्टि मंदावते, आणि घरची मंडळी दोष देतात तो बिचाऱ्या तबकडीला! आमच्या मानोऱ्याच्या घरीं असाच प्रकार घडला. तो थोडा विस्तारानें सांगतों. कारण पुष्कळ कुटुंबांत तो घडत असला पाहिजे.

२००६ सालीं दादांच्या, म्हणजे माझ्या वडीलबंधूंच्या, नातवाची मुंज झाली. त्या समारंभाच्या चित्रणाची एक डीव्हीडी आमच्या कपाटांत असते. दादांनीं बटूस जवळ बसवून संध्या शिकविली, तो प्रसंग तींत आहे. दादा आतां नाहींत, आणि त्यांच्या आवाजाची दुसरी खूण घरांत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत वहिनींच्या इच्छेवरून ती लावली, तों संध्येऐवजीं भुंग्यासारखी एकसारखी घूं-घूं ऐकूं येऊं लागली, आणि पडद्यावर दोन करडे पट्टे हळूहळू वर सरकूं लागले. “तबकडी गेली, भाऊजी,” एवढेंच बोलून वहिनी आंत निघून गेल्या. पुतण्यानें नवें यंत्र आणण्याचा बेत केला.

जन्म शिकविण्यांत गेलेला. तेव्हां चूक मूळ पोथींत आहे कीं नकलकाराच्या हातून झाली आहे, हें पाहिल्यावांचून लेखणी उचलण्याची मला संवय नाहीं. मीं तबकडी थांबविली. घूं-घूं चालूच राहिली. म्हणजे ती तबकडींतून येत नव्हती. कित्येक घरीं हा आवाज केबलच्या तारेंतून दूरदर्शन-संचांत शिरतो, म्हणून ती तारही काढून पाहिली. फरक पडला नाहीं. शेवटीं शेजाऱ्यांचें यंत्र आणून आमच्याच संचाला जोडलें आणि तींच तबकडी लावली. दादा स्वच्छ बोलूं लागले. दोष आमच्या यंत्राच्या पोटांत होता.

तो दोष काय, हें समजण्यास विजेची वाट पाहिली पाहिजे. घरांत येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदास ५० आवर्तनें करते; प्रत्येक आवर्तनांत एकदां पुढें, एकदां मागें. यंत्राच्या आंतील नाजूक भागांस मात्र ५ किंवा १२ व्होल्टची, एकाच दिशेची वीज हवी असते. चार डायोड मागें वळणाऱ्या लाटेस पुढें वळवितात. पण त्यानें धार अखंड होत नाहीं. सेकंदास १०० ठोके पडावे तशी ती येते. हे ठोके जिरविण्याचें काम कपॅसिटर नांवाचा डबीसारखा भाग करतो. नळाला पाणी कसेंही झटके देत येवो, गच्चीवर टांकी असली कीं घरांत धार सारखी पडते, तसेंच हें. वेदान्तांत ध्यानाला तैलधारेची उपमा देतात. यंत्रालाही तीच अविच्छिन्न धार हवी. टांकी आटली कीं १०० ठोके थेट ध्वनींत उतरतात. तीच ती घूं-घूं. आपल्या पद्धतीच्या चित्रांत पडदा सेकंदास ५० वेळां रंगविला जातो. म्हणून प्रत्येक वेळीं दोन ठोके, आणि म्हणून पट्टेही दोन!

कपॅसिटरांत एक द्रव असतो आणि उष्णतेनें तो आटतो. उष्णता १० अंशांनीं वाढली तर त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. आमच्या वऱ्हाडांतील वैशाख ४० अंशांच्या वर जाणारा. त्यांत यंत्र बंद कपाटांत, आणि हवेच्या छिद्रांवर हौसेनें विणलेला रुमाल! त्या रुमालाचें कौतुक मींच केलें होतें, तेव्हां दोष कोणाला द्यावा?

गांवांतील एका जाणत्या कारागिरानें यंत्र उघडलें. येथें गृहस्थांस आणि विशेषतः उत्साही मुलांस सांगणें आहे कीं हें काम स्वतः करूं नये. अशा यंत्रांत २३० व्होल्टची वीज आंत सुमारें ३२५ व्होल्टची होऊन सांठते, आणि तार काढल्यावरही कांहीं काळ प्राण घेण्याइतकी तेथें राहूं शकते. दोन कपॅसिटरांचीं टाळकीं फुगलेलीं दिसलीं. त्यांच्या जागीं तितक्याच धारणेचे, व्होल्टची मर्यादा मूळच्याहून कमी नसलेले, आणि ८५ अंशांऐवजीं १०५ अंश सोसणारे नवे बसविले. खर्च नव्या यंत्राच्या मानानें नगण्य आला. घूं-घूं गेली, पट्टे गेले.

कारागीर हौशी होता. तो म्हणाला, “मास्तर, ध्वनीच्या भागाला वेगळी वीज देऊन पाहूं.” त्याचें म्हणणें असें. तबकडीवर ध्वनि अंकांच्या रूपानें असतो. १९८२ सालीं आलेल्या सीडींत सेकंदाच्या ध्वनीसाठीं प्रत्येक बाजूस ४४,१०० अंक असतात. या अंकांचा पुन्हां आवाज करणारा भाग आणि त्यांस ताल देणारें घड्याळ, हीं दोन्ही विजेच्या खळबळीनें विचलित होऊं शकतात. तबकडी फिरविणारी मोटर त्याच विजेवर चालते. म्हणून त्यानें एक लहान ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, मोठा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट स्थिर राखणारा तीन पायांचा रेग्युलेटर, अशी निराळी चूल ध्वनीसाठीं मांडून दिली.

याचा गुण किती? खरें तें सांगतों. पहिल्या दुरुस्तीचा गुण घरांतील लहान मुलासही कळला. दुसरीचा मला रात्रींच्या शांततेंत, तंबोऱ्याचा सूर विरतांना जाणवला असें वाटलें. परंतु नातीनें पडद्याआड राहून जुनी-नवी जोडणी आलटून पालटून लावली, तेव्हां मी वारंवार चुकलों. सबब आधीं रोग बरा करावा, मग पुष्टीचा विचार. शिवाय वीज कितीही शुद्ध केली तरी तबकडीवरील अंक बदलत नाहींत. ओरखडा भरत नाहीं, किंवा मूळचें अंधुक चित्रण उजळत नाहीं.

आणखी एक गोष्ट. घरगुती समारंभाच्या बहुतेक तबकड्यांवर लेखन रंगद्रव्याच्या थरावर होतें, आणि तो थर उष्णतेनें व उजेडानें कालांतरानें फिका पडतो. म्हणून त्याच आठवड्यांत आम्हीं दादांच्या तबकडीच्या दोन नकला करून दोन घरीं ठेविल्या. वाचकांनींही हें काम लांबणीवर टाकूं नये.

यंत्र आतां उघड्या फळीवर असतें; रुमाल देवघरांत गेला. त्या दिवशीं संध्याकाळीं वहिनींनीं तबकडी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, “संकल्प सांगतांना हे मध्येंच एकदां खांकरत असत. तें आज ऐकूं आलें.”